सॉफ्टवेअर कुणाचंही असो, नोंदी नागपूरच्या राहू द्या

प्रति,
मा. आयुक्त आणि मनपा सभागृहाचे सर्व सदस्य,
नागपूर महानगरपालिका, सिव्हिल लाइन्स, नागपूर

विषय : मनपाची संगणक यंत्रणा नव्याने उभी करताना टेंडरच्या आधी करायची कामं

सप्रेम नमस्कार,

मी नागपूरची करदाती आहे आणि सर्व्हर, डेटाबेस सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे. शहराच्या कारभाराचं संगणकीकरण म्हटलं की बोलणं लगेच नवं अ‍ॅप, नवं पोर्टल आणि भिंतभर पडद्यांची कंट्रोल रूम इथे पोचतं. लागेल तेव्हा तेही घ्या. माझी विनंती मात्र त्याच्या आधीच्या कामाबद्दल आहे. शहराच्या नोंदी आधी मनपाच्या ताब्यात आणा, त्या मनपाला स्वतः वाचता येतील अशा करा आणि त्या सांभाळायला मनपाची स्वतःची माणसं नेमा. हे केलं नाही तर कितीही कोटींची यंत्रणा बसवली तरी काही वर्षांनी कंत्राट संपेल, कंपनी बदलेल आणि शहर पुन्हा डेटा एंट्रीपासून सुरुवात करेल.

एका घरावरून सांगते. मानेवाड्याकडच्या एखाद्या लेआउटमधलं, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीतलं, साधं दुमजली घर घ्या. मालमत्ता करासाठी त्याला मनपाचा इंडेक्स नंबर. पाण्याच्या बिलावर ऑरेंज सिटी वॉटरचा ग्राहक क्रमांक. विजेच्या बिलावर महावितरणचा वेगळा. प्लॉट गुंठेवारीत नियमित झाला असेल तर नागपूर सुधार प्रन्यासच्या (नासुप्र) आरएल लेटरवरचा, म्हणजे नियमितीकरणाच्या पत्रावरचा, खसरा आणि प्लॉट नंबर. नगर भूमापन झालेलं असेल तर आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. तेच घर महाल किंवा इतवारीत असेल तर नझूलचा (शहरातल्या सरकारी जमिनीचा) शीट नंबर आणि त्यावर तीन पिढ्यांच्या वाटण्या. हुडकेश्वर-नरसाळ्यात असेल तर मनपात येण्याआधीचा ग्रामपंचायतीचा नमुना आठ. घर तेच, दारही तेच, पण प्रत्येक कार्यालयाच्या रजिस्टरमध्ये ते वेगळ्या नावाने राहतं.

हे असं का झालं, ते नागपूरकराला समजावून सांगावं लागत नाही. १९३६ च्या कायद्याने आलेली नागपूर सुधार प्रन्यास आणि महानगरपालिका, अशी दोन कार्यालयं या शहराची जमीन वाटून घेऊन बसली. '५७२ लेआउट' आणि '१९०० लेआउट' हे नियमित करायला घेतलेल्या अनधिकृत लेआउटांचे आकडे इथल्या माणसाला पत्त्यासारखे पाठ आहेत. कुठला लेआउट कुणाकडे, विकास शुल्क कुणी घेतलं, रस्ता कुणी करायचा, यात एकेका कुटुंबाची पंधरा-वीस वर्षं गेली. ही गुंतागुंत कुठलंही सॉफ्टवेअर विकत घेऊन सुटत नाही. ती बसून, नोंद नोंदीला लावून सोडवावी लागते, आणि ते काम बाहेरच्या कंपनीचा दोन महिन्यांपूर्वी कामाला लागलेला मुलगा करू शकत नाही. ते झोनमधल्या जुन्या कर्मचाऱ्याला येतं, कारण कुठल्या गल्लीत जुना घर क्रमांक बदलून नवा कधी लागला हे त्याच्या डोक्यात आहे.

म्हणून पहिली मागणी: प्रत्येक मालमत्तेला एकच कायमचा क्रमांक द्या आणि तो नकाशावरच्या जागेशी बांधा. जुने नंबर पुसू नका. जुना इंडेक्स नंबर, पाण्याचा नंबर, आरएल, आखीव पत्रिका हे सगळं त्या एका क्रमांकाखाली तारखेसकट जोडून ठेवा, म्हणजे उद्या न्यायालयात गेलं तरी कोणती नोंद कोणत्या दिवशी काय होती ते दाखवता येईल. दहाही झोनमध्ये एकदम हात घालू नका. गांधीबाग झोन जुन्या शहराचा, हनुमाननगर लेआउटांचा; असे दोन वेगळ्या जातीचे झोन आधी घ्या, तिथे चुका होतील त्या दुरुस्त करा आणि मग पुढे जा.

नकाशासाठी लांब जायची गरज नाही. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, म्हणजे एमआरसॅक, हे राज्य सरकारचं नकाशा आणि उपग्रह प्रतिमांवर काम करणारं केंद्र आपल्याच शहरात, व्हीएनआयटीच्या आवारात आहे. राज्यभरातली सरकारी खाती ज्यांच्याकडे येतात, ते आपल्या बजाजनगरच्या शेजारी बसतात. पण एक सावधगिरी हवी. उपग्रहाला किंवा ड्रोनला छप्पर दिसतं. खाली मजले किती, भाडेकरू कोण, तळघरात दुकान आहे की सामान, हे दिसत नाही. मालमत्ता कर वार्षिक भाडेमूल्यावर ठरत असेल तर ही माहिती दारात जाऊनच घ्यावी लागेल. आणि घेतलेली माहिती डिमांड, म्हणजे कराची मागणी, काढण्याच्या आधी घरमालकाला दाखवा, त्याची सही किंवा हरकत घ्या. आधी डिमांड पाठवायची आणि मग आक्षेपांच्या रांगा लावायच्या, यात लोकांचा विश्वास जातो. तो परत मिळवायला नव्या सॉफ्टवेअरपेक्षा जास्त वर्षं लागतात.

आता भाषेकडे येते, कारण आपल्या शहरातलं सगळ्यात दुर्लक्षित तांत्रिक काम तेच आहे. सरकारी कार्यालयांत वर्षानुवर्षं कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा फॉन्टमध्ये टायपिंग झालं. कृतिदेवमध्ये 'नागपूर' टाइप केलं की संगणकात साठतात ती यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे ही सहा इंग्रजी अक्षरं. फॉन्ट आहे तोवर ती डोळ्यांना मराठी दिसतात. फॉन्ट काढला, संगणक बदलला किंवा ती नोंद दुसऱ्या प्रणालीत नेली की मागे उरतो तो इंग्रजी अक्षरांचा काला. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी मराठीच राहते अशा प्रमाण पद्धतीत, रूपांतर करणारी साधनं आहेत, पण पहिली वेलांटी त्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, त्यामुळे रूपांतरात 'वर्मा'चं आणि 'शिर्के'चं काय होईल याचा भरवसा नसतो. ही नावं हाताने तपासावी लागतात. त्यातून काही नोंदी मराठीत, काही इंग्रजीत. 'चौधरी' हे एकच आडनाव इंग्रजीत चार-पाच तऱ्हांनी लिहिलेलं. संगणकाच्या लेखी ती चार-पाच वेगळी कुटुंबं.

ही बारीकसारीक तक्रार नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळा प्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, आधार या सगळ्यांना जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा आहे. पूर्वी दाखल्यात चूक झाली तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर निभायचं. आता ती सोय नाही. त्या मुलांच्या नावातली एक चुकलेली वेलांटी त्यांच्यासोबत अठरा वर्षं चालणार आहे. म्हणून टेंडरमध्ये स्पष्ट लिहा: प्रत्येक नोंद युनिकोडमध्ये, नाव मराठीत आणि इंग्रजीत अर्जदाराने दिलेल्या स्पेलिंगप्रमाणे, आणि जुन्या डेटाच्या रूपांतराची तपासणी मराठी वाचणाऱ्या माणसाकडून. मराठी येणाऱ्या पाच-पंचवीस पदवीधरांना या कामावर एक वर्ष पगार दिला तरी तो खर्च पुढच्या दुरुस्त्यांपेक्षा कमी असेल.

कंत्राटाबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण आधुनिकीकरण फसतं ते बहुतेक वेळा इथे. मालमत्ता कर, पाणी, बांधकाम परवाना, लेखा, पगार, तक्रारी, असे विभाग वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या कंपन्यांकडून संगणकीकृत होतात. प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने डेटा साठवते. कंत्राट संपत आलं की मनपाला कळतं की डेटा आहे, पण कोणत्या तक्त्यात काय आहे ते सांगणारा कागद नाही. सर्व्हरचा मुख्य पासवर्ड कंपनीच्या माणसाकडे आहे. संकेतस्थळाचं नाव कुणाच्या खात्यावर नोंदवलंय ते शोधावं लागतं. मग मुदतवाढीशिवाय पर्याय उरत नाही. हे देशातल्या अनेक सरकारी कार्यालयांत घडतं आणि यात भ्रष्टाचार असावाच लागत नाही. कंत्राट लिहिताना शेवटच्या दिवसाचा विचार न केल्याने हे होतं.

तेव्हा कंत्राट सुरू होतानाच ते संपण्याची रीत त्यात लिहा. डेटा मनपाचा, असं नुसतं वाक्य पुरेसं नाही. दर तिमाहीला संपूर्ण डेटा खुल्या, कुठल्याही प्रणालीत उघडता येईल अशा स्वरूपात मनपाच्या सर्व्हरवर उतरवून द्यायचा. प्रत्येक तक्त्याचं, प्रत्येक रकान्याचं मराठीत किंवा इंग्रजीत वर्णन सोबत द्यायचं. मनपाच्या पैशातून लिहिलेला सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, मनपाकडे जमा करायचा. मुख्य पासवर्ड मनपाच्या अधिकाऱ्याकडे, सीलबंद, आणि माणूस बदलला की पासवर्डही बदललेला. हस्तांतरासाठी शेवटचे सहा महिने राखून ठेवायचे आणि ते झाल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडायचा नाही. केंद्र सरकारचं खुल्या सॉफ्टवेअरचं धोरण २०१५ पासून आहे. नागरी स्थानिक संस्थांसाठी ई-गव्हर्नमेंट्स फाउंडेशनने बांधलेला 'डिजिट' हा खुला मंच उपलब्ध आहे. तोच घ्या असा माझा आग्रह नाही, पण 'हे आमच्याशिवाय कुणालाच जमणार नाही' असं कुणी टेंडर भरण्याआधीच्या (प्री-बिड) बैठकीत सांगितलं तर त्याला देण्यासारखं उत्तर आपल्याकडे आहे.

परदेशातलं एक उदाहरण आपल्या लेखा विभागाने वाचावं असं आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम नगर परिषदेने हिशेबाची १९९९ पासूनची सॅप कंपनीची प्रणाली काढून एप्रिल २०२२ मध्ये ओरॅकलची नवी प्रणाली सुरू केली. सुरुवातीचा अंदाज सुमारे १.९ कोटी पौंडांचा होता. पुढे खर्च १० कोटी पौंडांच्या पलीकडे गेला. कारण असं की तयार सॉफ्टवेअर घेतल्यावर कामाची पद्धत त्याच्याशी जुळवण्याऐवजी सॉफ्टवेअरच जुन्या पद्धतीप्रमाणे वाकवत राहिले, आणि बँकेत आलेला पैसा हिशेबात कुठे बसवायचा हेच जमेना. सप्टेंबर २०२३ मध्ये त्या परिषदेने आपण खर्च भागवू शकत नसल्याची कायदेशीर नोटीस काढली. समान वेतनाचे थकलेले दावे हे त्यामागचं मोठं कारण होतं, पण ही प्रणालीही कारणांमध्ये होती. तिथे पैसा आणि तज्ज्ञ दोन्ही आपल्यापेक्षा जास्त होते. आपल्याकडे एखाद्या परवानगीला सात टेबलं लागत असतील तर ती सातही टेबलं जशीच्या तशी संगणकात उतरवू नका. आधी बसून ठरवा की त्यातली किती हवीत. हे ठरवायचा अधिकार फक्त आपल्याकडे आहे, कंपनीकडे नाही.

आता बॅकअप. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा जळालेल्या फायलींनी महाराष्ट्राला धडा दिला होता. संगणकात आलं म्हणजे सुरक्षित झालं, असा समज तेव्हापासून पक्का झाला, आणि तो अर्धाच खरा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. जवळपास दोन आठवडे देशातल्या सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एकाचं काम हाताने, कागदावर चाललं. नेटवर्कचे भाग नीट वेगळे केलेले नव्हते, हे कारण सरकारने पुढे संसदेत सांगितलं, आणि ई-हॉस्पिटल या तिथल्या रुग्णनोंदींच्या प्रणालीचा डेटा परत मिळाला तो हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरमुळे. त्याच्या आदल्या वर्षी आपल्याच राज्यात पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या सर्व्हरवर रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, आलं. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरावर मे २०१९ मध्ये असाच हल्ला झाला तेव्हा घरांचे खरेदी-विक्री व्यवहार थांबले होते, आणि कर्मचाऱ्यांनी फक्त स्वतःच्या संगणकावर ठेवलेल्या काही फायली कायमच्या गेल्या.

ही शेवटची गोष्ट आपल्या प्रत्येक झोन कार्यालयाने स्वतःला विचारून बघावी: टेबलावरच्या संगणकात, डी ड्राइव्हमध्ये, 'नवीन फोल्डर' नावाखाली असं काय आहे जे दुसरीकडे कुठेच नाही? आणि तो संगणक कोणत्या विंडोजवर चालतो? विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. दहा झोन, मुख्यालय, दवाखाने, शाळा, अग्निशमन केंद्रं, सगळीकडच्या यंत्रांची यादी हवी. ती कुणा सल्लागाराकडून नको. आपल्याच माणसांनी फिरून, हात लावून केलेली हवी.

नागपूरची हवाही विसरू नका. मे २०१३ मध्ये या शहराने ४७.९ अंश पाहिले आहेत. अशा दुपारी वीज गेली आणि एसी बंद पडला तर बंद खोलीतले सर्व्हर तासाभरात तापतात. जनरेटरवर सर्व्हर आहेत पण एसी नाही, अशी खोली मी पाहिलेली आहे. आणि २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट सगळ्यांना आठवते. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी ओसंडला, नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउटपासून सीताबर्डीपर्यंत घरांत शिरलं, मोरभवन बसस्थानकात एसटी पाण्यात उभ्या होत्या. तळमजल्यावर किंवा नदीकाठच्या इमारतीत ठेवलेला कोणताही सर्व्हर हा त्या पावसाच्या वाटेवर आहे. एक प्रत नागपूरबाहेर, एक प्रत नेटवर्कला न जोडलेली, एवढं तरी कमीत कमी हवं. आणि दर तीन महिन्यांनी तो बॅकअप प्रत्यक्ष परत उभा करून पाहायचा. मी पूर्वी काम केलेल्या एका संस्थेत रोज रात्री 'बॅकअप यशस्वी' असा संदेश यायचा. डिस्क बिघडली त्या दिवशी उघडून पाहिलं तर फायली रिकाम्या होत्या. रिस्टोअर करून पाहिल्याशिवाय बॅकअप आहे असं म्हणता येत नाही, हे तिथल्या सगळ्यांना त्या आठवड्यात कळलं.

कायद्याची बाजू थोडक्यात. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग, म्हणजे यंत्रणेत कधी काय झालं याच्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात. रात्री दोन वाजता कोण कुणाला फोन करणार, हे लिहून ठेवलं आहे का? डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. सुरक्षेत कसूर झाल्यास दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो, आणि काम कंत्राटदाराला दिलं असलं तरी जबाबदारी डेटा गोळा करणाऱ्याचीच राहते. शहरभर लागलेल्या कॅमेऱ्यांची चित्रणं, जन्म-मृत्यूच्या नोंदी, दवाखान्यातले केस पेपर, थकबाकीदारांची नावं, हे सगळं आपण लोकांच्या वतीने जपता आहात. स्मार्ट सिटीच्या यादीत २०१६ मध्ये नागपूर आलं तेव्हापासून कॅमेरे आणि फायबरवर पुष्कळ खर्च झाला. त्यातलं काय चालू आहे, काय बंद आहे आणि देखभाल कुणाकडे आहे, याचा हिशेब सभागृहापुढे आला पाहिजे. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली, मग दीर्घकाळ प्रशासकांनीच कारभार पाहिला. त्या काळातल्या करारांवर लोकप्रतिनिधींना प्रश्न विचारायला जागाच नव्हती. ते प्रश्न आता विचारा. नगरसेवकांना तांत्रिक ज्ञान नाही म्हणून ते गप्प बसले, असं व्हायला नको. 'डेटा परत कसा मिळेल?' हे विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही.

या सगळ्यासाठी माणसं लागतात आणि मनपाने त्यांच्यावर खर्च करायला हवा. डेटाबेस, नेटवर्क, सुरक्षा, जीआयएस (संगणकीय नकाशे) आणि मराठी डेटा या पाच कामांसाठी आस्थापनेवरची, कायम पगाराची पदं हवीत. कंपनीने जे सांगितलं ते खरं की खोटं, हे तपासू शकेल असं कुणीतरी मनपाच्या पगारावर नसेल तर टेंडर कितीही नीट लिहिलं तरी उपयोग होत नाही. नागपुरात व्हीएनआयटी आहे, ट्रिपल आयटी आहे, मिहानमध्ये मोठ्या आयटी कंपन्या आहेत. इथली मुलं पुणे-बंगळुरूला जातात कारण इथे जबाबदारीचं काम मिळत नाही. शहराच्या नोंदी नीट लावणं हे चांगल्यातल्या चांगल्या इंजिनिअरला पुरून उरेल असं काम आहे. आणि त्यांच्या शेजारी झोनमधले निवृत्तीला आलेले कर संग्राहक आणि लिपिक बसवा. ते गेले की त्यांच्या डोक्यातलं शहरही जाईल. निवृत्तीआधीचे सहा महिने त्यांना याच कामाला द्या.

ऑनलाइन झालं म्हणून झोनमधली खिडकी बंद करू नका, हेही सांगायलाच हवं. सतरंजीपुऱ्यातल्या विणकर आजीला किंवा आशीनगरात मजुरी करणाऱ्या माणसाला अर्ज भरून घ्यायला सायबर कॅफेत पैसे मोजावे लागत असतील तर त्यांच्यासाठी सेवा महाग झाली. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून लागू आहे. अर्ज खिडकीवर येवो की मोबाइलवर, त्याची मुदत त्याच दिवशी सुरू होते, आणि ती मुदत संगणकाने स्वतः मोजून वरिष्ठाला दाखवली पाहिजे.

माझी मागणी पुढच्या आयटी टेंडरच्या आधीची आहे. चालू असलेल्या प्रत्येक प्रणालीचं नाव, कंत्राटदार, कराराची शेवटची तारीख आणि डेटा परत घेण्याचं कलम, अशी यादी मनपाच्या संकेतस्थळावर मराठीत टाका. माहिती अधिकाराच्या कलम ४ नुसार ती कुणी न मागताच द्यायची आहे. सोबत गेल्या वर्षात बॅकअप परत उभा करून पाहिल्याच्या तारखा द्या. आणि टेंडरचा मसुदा अंतिम करण्याआधी तीस दिवस लोकांसाठी खुला ठेवा. या शहरात असं काम जाणणारे पुष्कळ आहेत. त्या तीस दिवसांत मसुदा कलम-कलम वाचून लेखी सूचना देण्याची तयारी मी या पत्रानेच कळवते आहे. झोनच्या कर्मचाऱ्यांसोबत बसायला बोलावलंत तर सुटीच्या दिवशीही येईन.

आपली,
लक्ष्मीनगर झोनमधील एक करदाती